‘चुकवली होती की गोळी!’ – शूटिंग गेममध्ये दरवेळी तिथंच मरत असाल तर

बेळगाव घ्या, खानापूर घ्या, निपाणी घ्या. मुशिहिमेसामा हा शूटिंग गेम खेळायला बसलेल्या पोराच्या तोंडून तासाभरात एक वाक्य हमखास येतं: ‘चुकवली होती की मर्दा गोळी, तरी मेलो!’ त्याच स्टेजला, त्याच जागी, पुन्हा पुन्हा. मग एक तर गेम लबाड ठरतो, नाहीतर आपले हातच कामाचे नाहीत असं ठरतं. तिसरी शक्यता कोणी तपासत नाही. बटण दाबल्यापासून पडद्यावर हालचाल दिसेपर्यंत मधे कुठंतरी वेळ खाल्ला जातोय, आणि तो कुठं जातो हे शोधता येतं. यंत्र आधी तपासायचं, हात नंतर. उलटं केलं तर महिनोन् महिने सराव करून तुम्ही फक्त तुमच्या टीव्हीच्या आळसाशी जुळवून घ्यायला शिकता, आणि मित्राच्या घरी गेलात की पुन्हा पहिल्यापासून.

ज्यांना गेम माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. केव्ह या जपानी कंपनीनं २००४ मध्ये तो आर्केडसाठी, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या यंत्रासाठी, काढला, २०१५ मध्ये स्टीम या कॉम्प्युटर गेमच्या ऑनलाइन दुकानात आला. रेको नावाची राजकन्या सोनेरी भुंग्यावर बसून किड्यांच्या जंगलातून जाते. पाच स्टेज. वरून गोळ्यांचा जांभळा-गुलाबी पाऊस, खाली तुम्ही. ओरिजिनल, मॅनियाक आणि अल्ट्रा असे प्रकार आहेत. अल्ट्राचं नाव इथं काढत नाही, ते खेळणाऱ्यांचं दुखणं वेगळं आहे. खाली जे सांगतोय ते या जातीच्या बहुतेक गेमला लागू पडतं.

एक गैरसमज आधीच काढून टाकतो. ‘लॅग’, म्हणजे हा उशीर, म्हटलं की आमच्याकडं पहिला आळ नेटवर येतो. सीमेवर मोबाइलला टॉवर कधी इकडचा मिळतो, कधी तिकडचा, त्यामुळं तो आळ खराही वाटतो. पण हा गेम तुमच्या लॅपटॉपवरच चालतो. राउटर बंद करून खेळलात तरी गोळी तेवढ्याच वेगानं येणार. रिचार्ज वाढवून काही होणार नाही.

लक्षण नीट बघा

‘मेलो’ एवढ्यावर निदान होत नाही. कसे मेलात ते बघा.

रेको थांबवली तरी जरा पुढं सरकून शेजारच्या गोळीवर जाऊन आदळते का? हे उशिराचं सगळ्यात खात्रीचं लक्षण. बटण दाबल्याचा निरोप जसा उशिरा पोचतो तसाच बटण सोडल्याचाही पोचतो. सुटायला उशीर झाला तर आपण स्वतःला दोष देतो, पण थांबवूनही पुढं जाणारी रेको बहुधा यंत्राकडंच बोट दाखवते.

फक्त एकाच तिरक्या दिशेला, म्हणजे गोळीबार चालू ठेवून वर-डावीकडं जाताना वगैरे, फसता का? मग कीबोर्ड. संगीत नेहमीच्या चालीत आणि गेम मात्र पेंगतोय? मग फ्रेम, म्हणजे पडद्यावर एकापाठोपाठ येणारी चित्रं, कमी पडतायत. करंट गेल्यावरच होतं? त्यावर खाली सविस्तर लिहिलंय, कारण आमच्याकडं तेच जास्त.

आणि यातलं काहीच नसेल, रेको जिथं न्यायची तिथंच जाते आणि तरीही मरते, तर यंत्राचा भाग सोडून सरळ ‘आता गेम’ या भागाकडं चला.

मोबाइलनं मोजायची पद्धत

हल्लीच्या बऱ्याच मोबाइलमध्ये सेकंदाला २४० फ्रेमचा स्लो-मोशन असतो. मोबाइल पुस्तकांच्या चळतीला टेकवून असा ठेवा की तुमचा अंगठा आणि टीव्ही दोन्ही एकाच चौकटीत येतील. गेम चालू करा, रेकोला मधोमध उभी करा आणि डावीकडचं बटण झटक्यानं दाबा. पाच-सहा वेळा करा. मग व्हिडिओ एकेक फ्रेम पुढं सरकवत मोजा: बटण तळाला टेकलं तिथपासून रेको हलली तिथपर्यंत किती फ्रेम गेल्या?

मोबाइलची एक फ्रेम म्हणजे साधारण ४.२ मिलिसेकंद. गेम सेकंदाला ६० फ्रेमनं चालतो, म्हणजे गेमच्या एका फ्रेममध्ये मोबाइलच्या चार. मोजणी पंधरा-वीसच्या आसपास आली तर पुष्कळ झालं, त्यातला काही उशीर गेमचा स्वतःचाच असतो. तिशीच्या पुढं गेली तर दुरुस्तीला वाव आहे. चाळीस आली तर सराव थांबवा आणि आधी टीव्हीकडं बघा.

एवढ्याशा उशिरानं काय होतं, असं वाटेल. मूळ आर्केडचा पडदा २४० पिक्सेल रुंद, ३२० उंच. समजा गोळी फ्रेमला चार पिक्सेल सरकते. सहा फ्रेम जास्तीचा उशीर म्हणजे तुमची हालचाल सुरू होईपर्यंत गोळी २४ पिक्सेल पुढं आलेली असते. रेकोचा जो भाग गोळी लागल्यावर मरतो, तो हिटबॉक्स, तिच्या मधोमध जेमतेम काही पिक्सेलचा आहे. चोवीस पिक्सेलमध्ये तो कितीदा तरी मावतो.

टीव्ही

आजचे टीव्ही चित्र आलं तसं दाखवत नाहीत. आधी त्याला नटवतात: कडा धारदार करतात, दोन फ्रेमच्या मधे तिसरी घालून हालचाल गुळगुळीत करतात, रंग भडक करतात. या शृंगारात वेळ जातो. सिरियलला त्यानं काही फरक पडत नाही, गेमला पडतो. म्हणून पिक्चर मोडमध्ये जाऊन ‘गेम’ निवडायचा. मोशन स्मूदिंगला प्रत्येक कंपनीनं आपापलं नाव दिलेलं असतं, पण ‘मोशन’ हा शब्द दिसेल तिथं बंद करायचं. दुकानदारानं टीव्ही बसवताना मेनू कन्नडमध्ये ठेवला असेल तर घरातलं शाळेत जाणारं पोर वाचून देईल, त्यासाठी अडू नका.

इथवर बहुतेकांना माहीत असतं. प्रश्न असा की दुरुस्त केलेलं परत का बिघडतं? ‘गेम मोड लावला होता, चार दिवस बरं चाललं, परत तेच.’ याचं कारण शोधायला टीव्ही उघडायची गरज नाही. संध्याकाळी हॉलमध्ये कोण बसतं ते बघा. गेम मोडमध्ये चित्र जरा फिकं दिसतं. ‘काय रे हे, माणसं आजारी असल्यागत दिसालीत,’ म्हणत आई किंवा आजी रिमोटवरून मोड बदलते, नाहीतर धाकट्याला बदलायला लावते. त्यांचं काही चुकत नाही, टीव्ही त्यांचाही आहे.

बरेच टीव्ही पिक्चर मोड प्रत्येक एचडीएमआय पोर्टला वेगळा लक्षात ठेवतात. गडबड होते ती सेटटॉप बॉक्स काढून त्याच भोकात लॅपटॉपची वायर घातल्यामुळं. भिंतीवर टीव्ही लावलेला, दुसरं पोर्ट मागं, हात पोचत नाही, म्हणून सगळे हेच करतात. एकदा टीव्ही भिंतीवरून उतरवा, दुसऱ्या पोर्टला लांब वायर कायमची जोडून ठेवा, मेनूत त्या पोर्टचं नाव ‘पीसी’ करा आणि गेम मोड तिथंच लावा. काही टीव्हींवर नुसतं नाव पीसी केलं तरी पुष्कळ प्रक्रिया आपोआप बंद होते. आजीचं चित्र आजीला, तुमचं तुम्हाला.

करंट जाऊन आल्यावर टीव्ही मोड विसरत असेल तर तो टीव्हीचा स्वभाव. खेळायच्या आधी एकदा मेनू बघायची सवय लावा, दुसरा उपाय मला माहीत नाही.

करंट गेला की गेम पेंगतो

पावसाळ्यात खानापूर भागात करंटचा भरवसा धरून कोणी बसत नाही. इन्व्हर्टरवर दिवे-पंखे असतात, टीव्हीचा प्लग बहुधा नसतो. मग लॅपटॉपच्याच पडद्यावर, बॅटरीवर खेळणं सुरू होतं, आणि गेम अचानक सोपा तरी वाटतो नाहीतर चिखलातून चालल्यासारखा.

लॅपटॉप बॅटरीवर गेला की तीन-चार जण एकाच वेळी काटकसर सुरू करतात. विंडोज पॉवर मोड खाली आणतं. एनव्हिडियाचं कार्ड असेल तर ‘बॅटरी बूस्ट’ नावाची सोय फ्रेमवर मर्यादा घालते, आणि जुन्या आवृत्तीत ती मर्यादा मुळातच ३० वर असते. इंटेलच्या ग्राफिक्समध्ये ‘डिस्प्ले रिफ्रेश रेट स्विचिंग’ आहे, ते पडद्याचा रिफ्रेश रेटच, म्हणजे सेकंदाला चित्र किती वेळा नव्यानं उमटतं तेच, उतरवतं. असल्या गेमचं सगळं गणित फ्रेमवर बांधलेलं असतं. ६० च्या जागी ३० मिळाल्या तर गेम अर्ध्या चालीनं चालतो. त्या चालीवर तुम्ही तासभर सराव केलात आणि मग करंट आला, तर हाताला लागलेलं सगळं वळण वाया. वर वाटत राहतं की काल जमत होतं, आज काय झालं.

तर बॅटरीवर असताना पॉवर मोड ‘बेस्ट परफॉर्मन्स’वर ठेवा, बॅटरी बूस्ट बंद करा, इंटेलच्या पॅनलमध्ये ‘ऑन बॅटरी’ भागात जाऊन रिफ्रेश रेट स्विचिंग बंद करा. बॅटरी लवकर संपेल, संपू दे.

चार्जर तपासा म्हटलं की लोक हसतात, पण मूळ चार्जर गेल्यावर बाजारातून पिन बसेल तो आणलेला असतो. लॅपटॉपला १२० वॅटचा लागतो आणि हा ६५ चा. लॅपटॉप चार्ज होतो, चालतोही, पण पुरेशी वीज मिळत नाही हे ओळखून आपला वेग स्वतःच आवरतो. जोडलेला दिसतोय म्हणून कोणाला संशय येत नाही. चार्जरच्या पाठीवरचे बारीक आकडे जुन्याशी ताडून बघा.

याच्याच जोडीला एक बारकी गोष्ट. १४४ हर्ट्झचा पडदा घेतलेल्यांना वाटतं, आता काळजी नाही. पण १४४ ला ६० नं पूर्ण भाग जात नाही. एक फ्रेम दोनदा दिसते, पुढची तीनदा, परत दोनदा, आणि गोळ्या अडखळत आल्यासारख्या वाटतात. विंडोजमध्ये पडदा १२० वर ठेवा, म्हणजे प्रत्येक फ्रेम बरोबर दोनदा. या एका गेमपुरतं १२० हे १४४ पेक्षा चांगलं.

कीबोर्ड आणि पॅड

स्वस्तातल्या कीबोर्डात प्रत्येक बटणाला वेगळी तार नसते. बटणं आडव्या-उभ्या तारांच्या जाळीवर बसवलेली असतात, आणि काही तीन बटणं एकदम दाबली तर तिसरं कोणतं हे कीबोर्डाला ओळखता येत नाही, म्हणून तो ते सोडूनच देतो. वर आणि डावीकडचे बाण दाबून ठेवा, त्यात स्पेस दाबा. कित्येक कीबोर्डांवर स्पेस उमटतच नाही. गेममध्ये याचा अर्थ तिरकं पळताना अंगावरच्या गोळ्या पुसून टाकणारा बॉम्ब फुटत नाही. नेमका तेव्हाच तो लागतो! उपाय फुकट आहे: गोळीबार आणि बॉम्ब शिफ्ट आणि कंट्रोलवर घ्या. ही बटणं इतरांबरोबर दाबण्यासाठीच असल्यामुळं बहुधा वेगळी जोडलेली असतात.

हातात धरायचा गेमपॅड असेल तर अ‍ॅनालॉग काडीपेक्षा डी-पॅडवर, म्हणजे दिशेच्या फुलीसारख्या बटणावर, खेळा, आणि ब्लूटूथपेक्षा वायरनं.

आमच्या पावसात पॅडचं वेगळंच. जून ते सप्टेंबर हवेत ओल, त्यात चिवड्याचे हात. डी-पॅडच्या खाली रबर असतं, त्याला काळी कार्बनची टिकली, ती खालच्या पट्टीला टेकली की दिशा लागते. त्या पट्टीवर ओल आणि तेलाचा थर बसला की कधी लागते, कधी नाही. जोर लावून दाबलं की चालतं, म्हणून आपण जोर लावत जातो आणि रबर फाटतं. चार स्क्रू काढा. मोबाइल दुरुस्तीवाल्याकडं आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळतं, ते कापसाच्या काडीला लावून पट्टी पुसा. टिकलीवर मात्र अगदी हलका हात, घासलं तर कार्बनच निघून येतो. पूर्ण वाळल्याशिवाय बंद करू नका. अत्तर, पेट्रोल, खोबरेल असले प्रयोग नकोत. हे लिहावं लागतंय, कारण झालेले पाहिलेत.

आता गेम

यंत्र साफ झालं, मोजणी वीसच्या आत आली, तरी तिथंच मरताय. मग आधी हे ओळखा की सगळी मंदगती हा बिघाड नसतो. गोळ्या फार झाल्या की मूळ आर्केडचं यंत्र धापा टाकायचं आणि गेम संथ व्हायचा. खेळणारे त्या संथपणातूनच वाट काढायचे. पुढच्या आवृत्त्यांनीही तो जपला. फरक ओळखायचा कसा? दरवेळी त्याच ठिकाणी, गोळ्यांची दाटी झाल्यावर संथ होत असेल तर तो गेमचा. कुठंही, मोकळ्या पडद्यावरही अडखळत असेल तर तुमच्या लॅपटॉपचा. पहिल्याची दुरुस्ती करायला जाऊ नका.

दुसरं, ओरिजिनल म्हणजे सोपा असं समजून नवीन माणूस तिथून सुरू करतो. ओरिजिनलमध्ये गोळ्या कमी असतात, पण वेगवान. मॅनियाकमध्ये चिक्कार, पण सावकाश. ज्याचा टीव्ही सुस्त आणि बदलायची सोय नाही, त्यानं खुशाल मॅनियाक खेळावा असं माझं मत आहे. उशिराचा फटका वेगाच्या गोळ्यांना जास्त बसतो. पडदा भरलेला बघून घाबरायला होतं एवढंच.

आता त्या ठराविक जागेचं. गोळ्या दोन जातीच्या असतात. एक ठरलेल्या वाटेनं जाणाऱ्या, तुम्ही कुठंही असा. दुसऱ्या तुमच्यावर नेम धरून सुटणाऱ्या. ट्रेनिंग मोडमध्ये ती स्टेज लावा. एकदा पडद्याच्या डाव्या बाजूला हात न हलवता उभे राहा, पुढच्या वेळी उजव्या बाजूला. ज्या गोळ्यांची वाट बदलली त्या नेमाच्या. नव्या माणसाचं बहुतेक मरण दोन्हींची गल्लत केल्यामुळं होतं. ठरलेल्या गोळ्यांपासून तो पळतो, जिथं नुसतं उभं राहिलं तरी चाललं असतं, आणि नेमाच्या गोळ्यांत फट शोधत बसतो.

नेमाच्या गोळ्या शोधून चुकवायच्या नसतात, त्यांना चालवत न्यायचं असतं. त्या तुम्ही होता तिथं येतात, आहात तिथं नाही. म्हणून डाव्या कडेला सुरुवात करा आणि बटण टिचक्या मारल्यासारखं दाबत उजवीकडं सरका. एक टिचकी, एक फैर मागं गेली. परत टिचकी. मोठी झेप घेतली की सगळ्या फैरी पडदाभर विखुरतात, आणि आपणच पेरलेल्या गोळ्यांत आपण अडकतो. असं करत उजव्या भिंतीला टेकलात की मेलात. ‘दरवेळी तिथंच’ची जागा पुष्कळदा हा कोपराच असतो. पाऊण पडदा संपायच्या आत परतायचं. त्यासाठी एकदाच झटक्यानं पुढं जा, म्हणजे फैर तिकडं वळते आणि मधे खिंडार पडतं, त्यातून लगेच मागं फिरा. मग उलट दिशेनं पुन्हा टिचक्या. हे एक जमलं की दुसऱ्या-तिसऱ्या स्टेजचं निम्मं ओझं उतरतं.

गोळीबाराचं बटण दाबून धरलं की मारा एकवटतो आणि रेको हळू चालते. सलग गोळीबाराच्या वेगळ्या बटणावर ती पूर्ण वेगानं पळते. घाबरलेला माणूस दाबूनच धरतो, आणि जिथं पळायला हवं तिथं रांगतो. लांब जायचं असेल तेव्हा बोट उचला. बारीक फटीत शिरताना दाबा.

नजर रेकोवर खिळवू नका. दिवाळीच्या आदल्या दिवशी बेळगावच्या गणपत गल्लीतून पिशव्या घेऊन जाताना आपण पायाकडं बघत नाही, चार माणसं पुढची फट बघतो, तसंच. रेकोच्या थोडं वर बघायचं, ती नजरेच्या कडेला आपोआप राहते.

आणि बॉम्ब. त्या जागेचं फोनवर एकदा रेकॉर्डिंग करा आणि मेल्याच्या क्षणी किती बॉम्ब शिल्लक होते ते बघा. शिल्लक असतील, पैज लावतो. नवीन लाइफला बॉम्ब पुन्हा भरून मिळतात, म्हणजे साठवलेले वायाच गेले. तुम्हाला जागा माहीत आहे, वेळ माहीत आहे. मग संकट दिसल्यावर नाही, त्याच्या आधीच टाकायचा. बॉम्बला कमीपणा मानणारे बरेच भेटतात, त्यांच्या चौथ्या स्टेजच्या गोष्टी मात्र ऐकायला मिळत नाहीत.

दोन गेमचा अपवाद

बॅटल गरेगा खेळत असाल तर वरचं सगळं करूनही चौथ्या-पाचव्या स्टेजला गेम एकदम अंगावर येईल. रायझिंग कंपनीच्या १९९६ च्या या गेममध्ये आतून एक ‘रँक’ चालू असते. जितक्या गोळ्या झाडाल, जितक्या शक्ती गोळा कराल, तितकी ती चढते, आणि शत्रू तितके कडक होतात. मेलात की उतरते. मुरलेले खेळाडू म्हणूनच मुद्दाम एखादी लाइफ घालवतात. तुमच्या पॅडवर टर्बो, म्हणजे बटण आपोआप दाबत राहणारी सोय, पूर्ण वेगावर चालू असेल तर विनाकारण झाडलेल्या प्रत्येक गोळीची वसुली पुढं होते. टर्बो कमी करा, पडद्यावर कोणी नसेल तेव्हा बोट उचला, दिसेल ती शक्ती उचलू नका.

कोनामीच्या १९८५ च्या ग्रेडियसमध्ये उलटी गत. तिथं एकदा मेलं की जमवलेल्या सगळ्या शक्ती जातात आणि मागच्या टप्प्यावरून नागड्या विमानानं उठावं लागतं, म्हणून पहिल्या मरणापाठोपाठ आणखी तीन होतात. तिथं सराव पूर्ण शक्तीनिशी करून उपयोग नाही. मुद्दाम मरा आणि त्या टप्प्यावरून रिकाम्या हातानं निघायचा सराव करा. पहिली शक्ती वेगाला लावा, मग बाकीचं.